खांद्यावर कोन झोपलं?

आमच्या मलकापूरच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. कडी होती, कुलूप नव्हतं. आत चोरण्यासारखं काही नाही यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. त्या पेटीत चांदोबाचे अंक होते. वर्षाचे बारा एकत्र घेऊन दाभणानं शिवलेले, वरून खाकी पुठ्ठा, पाठीवर मैद्याच्या खळीनं चिकटवलेली कापडाची पट्टी. खळीत मोरचूद घातलेलं, त्यामुळे वाळवी त्यांच्या वाटेला गेली नाही. पैसे खर्चून आणलेली, काचेच्या कपाटात मांडलेली पुस्तकं मात्र तिनं निवांत खाल्ली. (जुन्या शिवणीचं पुस्तक लेकरासमोर ठेवताना एवढं लक्षात असू द्या. मोरचूद विषारी असतं आणि दोन वर्षांचं मूल पुस्तक आधी चाखून बघतं.)

मे महिन्याची दुपार होती. बाहेर डांबर मऊ पडलेलं, आत कूलरची घरघर. नात साडेतीन वर्षांची. मी पेटी खाली उतरवली, धूळ झटकली आणि माझं सगळ्यात लाडकं पान शोधून काढलं. विक्रम आणि वेताळ. हातात तलवार घेतलेला राजा, खांद्यावर लोंबणारं प्रेत, मागे ते भयाण झाड. या पानानं मला लहानपणी किती रात्री अंगणात एकट्यानं जाऊ दिलं नव्हतं! आता ती घाबरेल, मला बिलगेल, मग मी आवाज खोल काढून गोष्ट सुरू करीन, असा माझा सगळा बेत ठरलेला.

ती घाबरली नाही. बोट चित्रावर टेकवून तिनं विचारलं, “आबा, याच्या खांद्यावर कोन झोपलं?”

मी गप्पच. मग तीच म्हणाली, “त्याचे बाबा त्याले घरी घेऊन चालले का?”

आठवड्यापूर्वी आम्ही एका लग्नाहून रात्रीच्या गाडीनं परतलो होतो. स्टेशनापासून घरापर्यंत ती बापाच्या खांद्यावर अशीच, हात खाली सोडून, झोपून आली होती. ते चित्र मी पन्नासेक वर्षं पाहत होतो. मोठा माणूस एका निजलेल्याला उचलून अंधारातून चाललाय, हे माझ्या कधी डोळ्यांतच आलं नव्हतं.

आपल्याला आवडलेलं पुस्तक लहान मुलापुढे ठेवताना काय होतं, त्याविषयी हे प्रकरण आहे.

आधी त्या चित्राबद्दल, कारण ते साधंसुधं चित्र नाही. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीनं जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये मुलांचं मासिक सुरू केलं. त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२ साली निघाली. गोष्टी मद्रासला रचल्या जायच्या, चित्रं तिथंच काढली जायची, आणि तीच चित्रं घेऊन एकेका भाषेचा मजकूर त्यांच्याभोवती बसवला जायचा. म्हणजे मलकापूरचं पोरगं आणि विजयवाड्याचं पोरगं एकाच महिन्यात एकाच राजाकडे बघत होतं, फक्त खालची लिपी वेगळी. आमच्या लहानपणी चित्रांतल्या राजवाड्यांना कायम दक्षिणी गोपुरं का असायची आणि बायकांच्या अंबाड्यावर एवढा गजरा का, हे कोडं मला फार उशिरा सुटलं.

विक्रम-वेताळाचं ते चित्र के. सी. शिवशंकरन यांचं. सही करायचे ‘शंकर’. जन्म १९२४, मृत्यू २०२०. उभं आयुष्य त्यांनी या मासिकाच्या चित्रांत घातलं. मूळ वेताळपंचविशीत नावाप्रमाणे पंचवीसच गोष्टी, चांदोबानं मात्र पंचवीस संपल्यावरही वेताळाला सुट्टी दिली नाही. नव्या-जुन्या कुठल्याही गोष्टीला तीच चौकट लावायची. सुरुवातीला राजा झाडावरून प्रेत उतरवणार, शेवटी त्याचं मौन सुटणार, प्रेत पुन्हा झाडावर. असं दशकानुदशकं चाललं. दर महिन्याला परत येणारं चित्र म्हणजे लहान मुलाच्या दृष्टीनं घरातलं माणूस. ‘एकच गोष्ट पुन्हा सांग’ म्हणून मूल जो हट्ट धरतं, तो हट्ट चांदोबानं ओळखला होता असं मला वाटतं.

आणि मराठी मुलांच्या हातात वेताळ काही चांदोबानंच पहिल्यांदा दिला असं नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ आणि इसापच्या नीतिकथा मराठीत आणल्या आणि १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’. मराठी छापील पुस्तकांचा तो अगदी उंबरठा. म्हणजे मराठी छापखाना रांगत होता तेव्हाच प्रेत खांद्यावर चढलं होतं.

हे सगळं वाङ्मय कुणासाठी होतं, हे मात्र एकदा नीट बघायला हवं. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ काढलं आणि १९१४ मध्ये डोळे मिटेपर्यंत एकहाती चालवलं. चारशेहून अधिक चरित्रं, तितक्याच कविता, तितकेच निबंध, शिवाय शास्त्रीय लेख. हा कामाचा डोंगर पाहून छाती दडपते. पण त्यातलं ‘बाल’ म्हणजे पाटीवरून वहीवर आलेलं, ओळी लावून वाचणारं मूल. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ सुरू केलं. आपटे आमच्या शेजारच्या मुलखातले, जन्म धरणगावचा. भुसावळला गाडी बदलून ताप्ती लायनीनं गेलं की येतं ते. आनंद बालबोधपेक्षा खेळकर होतं, मुलांशी गप्पा मारत बोलायचं. नागपूरहून ‘मुलांचे मासिक’ निघालं, ते विदर्भातल्या कित्येक घरांत पोचलं. पुढे पाठ्यपुस्तक मंडळानं, म्हणजे आपल्या बालभारतीनं, नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ काढलं. संपादक वसंत शिरवाडकर. मोठमोठ्या लेखकांनी त्यात मुलांसाठी लिहिलं, चांगल्या चित्रकारांनी चित्रं काढली आणि किंमत कुणालाही झेपेल अशी राहिली. पण नावातच किशोर! साडेतीन वर्षांच्या लेकरानं काय करायचं? थांबायचं. मोठं व्हायचं, वाचायला शिकायचं, मग यायचं.

मराठी बालवाङ्मयानं न वाचणाऱ्या मुलाला शंभर वर्षं दाराबाहेर बसवलं. हे मी रागानं म्हणत नाही. कागद महाग, रंगीत छपाई त्याहून महाग, आणि गोष्ट सांगायला घरात आजी फुकट होती. पण झालं ते असं.

या बाहेर बसलेल्या मुलासाठी बाजारात एकच चित्रांचं पुस्तक होतं. अंकलिपी. आठवडी बाजारात पाटी-पेन्सिलीशेजारी सुतळीवर लटकलेली, पातळ, भडक रंगांची. महाराष्ट्रातलं सर्वाधिक हाताळलं गेलेलं चित्रपुस्तक तेच असणार, तरी त्याच्या चित्रकाराचं नाव कुणी विचारलं नाही. तिचं पहिलं पान उघडा. अ म्हणजे अननस. आता आमचा मुलूख पऱ्हाटीचा. इथल्या लेकराला बोंड माहीत, सरकी माहीत, जिनिंगमधून उडणारी कापसाची म्हातारी माहीत. अननस? मी पहिला अननस प्रत्यक्ष पाहिला तो कॉलेजात, मुंबईत, आणि चाकूवाल्याला ‘हे अ आहे’ असं म्हणता म्हणता जीभ आवरली.

गंमत अशी, की युरोपातलं मुलांचं पहिलं गाजलेलं सचित्र पुस्तक या बाबतीत शहाणं होतं. कोमेनिअस नावाच्या मोराव्हियातल्या शिक्षकानं १६५८ मध्ये न्यूरेंबर्गहून जग चित्रांतून दाखवणारं पुस्तक छापलं. त्यात अक्षरओळख प्राण्यांच्या आवाजांवरून होते. पहिल्या अक्षराशेजारी चक्क कावळा बसलाय आणि तो ‘आ आ’ करतोय! कावळा काय, न्यूरेंबर्गलाही असतो आणि मलकापुरातही. पाहिलेल्या पाखरावरून न पाहिलेल्या अक्षराकडे जायचं, ही वाट आमच्या अंकलिपीनं उलटी करून टाकली. न पाहिलेल्या अक्षरासाठी न पाहिलेलं फळ.

माझ्या नातीनं चांदोबात पसंत केलेली दुसरी गोष्टही कावळाच. राजाच्या दरबाराचं मोठं चित्र, सिंहासन, चवऱ्या, भालदार. तिनं ते सगळं सोडून गवाक्षाच्या कोपऱ्यात बसलेलं नखाएवढं पाखरू शोधलं आणि पाऊण तास त्याच पानावर काढला. मी दोनदा पान उलटायचा प्रयत्न केला, दोनदा हातावर चापट खाल्ली.

मूल चित्राकडे कसं बघतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच डोकं लावलंय. ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांपुढे वस्तूंची हुबेहूब रंगीत चित्रं ठेवली. बाळांनी ती चोळली, थोपटली, कागदावरून वस्तू उचलून घ्यायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या बाळांनी केलं तेच आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमधल्या बेंग समाजातल्या, चित्रांची फारशी सवय नसलेल्या बाळांनीही केलं. दीड वर्ष ओलांडेपर्यंत मात्र हे थांबतं. एकोणीस महिन्यांची मुलं चित्र ओरबाडत नव्हती, बोट दाखवत होती आणि काहीतरी बोलत होती. म्हणजे ‘हे आंबा नाही, आंब्याचं चित्र आहे’ हे ज्ञान जन्मतः मिळत नाही. ते मांडीवर बसून, बोट दाखवून, कुणीतरी ‘हो, आंबा’ म्हणाल्यावर येतं. बाळ पान फाडतं तेव्हा ते पुस्तकाचा अपमान करत नसतं, आंबा काढून घेत असतं.

तेव्हा नऊ महिन्यांच्या बाळापुढे पेटीतला १९६८ सालचा अंक ठेवू नये. तिथं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक हवं, नाहीतर जुनं कॅलेंडर. आमच्याकडे बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर या कामी आलं. त्यावरच्या बैलजोडीला चाटून चाटून नातीनं तिची शिंगं पांढरी केली.

दुसरा प्रयोग मोठ्या माणसांवरचा म्हणायला हवा. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईबापांचे दोन गट केले. दोन्ही गट मुलांना पुस्तकं वाचून दाखवत होते, जवळपास सारख्याच वेळा. एका गटाला फक्त पद्धत बदलायला सांगितली: सरळ वाचत जाऊ नका, विचारा. हे काय करतंय? मग काय झालं? मूल एक शब्द बोललं तर त्याचे दोन करून परत द्या. आणि ‘हो-नाही’त संपणारे प्रश्न टाळा. महिन्याभरात या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत दुसऱ्यांच्या बरीच पुढे गेली.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण शास्त्रज्ञांनी महिनाभर शिकवलेली ती पद्धत म्हणजे आमच्या घरच्या आजीची. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. तिला चांदोबाचा मजकूर वाचायला कष्ट पडतात, म्हणून ती तो वाचतच नाही. मांडीवर पुस्तक उघडते आणि चित्राला विचारते. “हा पाह्य कावळा. काय करू राह्यला तो?” नात म्हणते, “पाहू राह्यला.” आजी म्हणते, “हो माय, राजाच्या ताटाकडं पाहू राह्यला. भूक लागली त्याले.” दोन शब्दांचे सात झाले. मी मात्र चष्मा लावून, विरामचिन्हांसकट, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारा. माझ्याकडे ती चार मिनिटं बसायची, आजीकडे चाळीस.

इथं भाषेचा मुद्दा येतो आणि मलकापूरसारख्या गावात तो टाळून चालत नाही. आमचं गाव विदर्भाचं दार. एका अंगाला वऱ्हाडी, दुसऱ्या अंगाला खानदेश आणि लेवा बोली. लेकरू घरात ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ म्हणतं आणि पुस्तकातला राजा ‘प्रधानास पाचारण’ करतो. १९५२ हे वर्ष मला यासाठी मोठं अर्थपूर्ण वाटतं. त्या साली मद्रासहून शुद्ध छापील मराठी घेऊन चांदोबा आला, आणि त्याच साली बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपात आली. अक्षर न शिकलेल्या बाईची, जळगावच्या मातीतली, आमच्या कानाला घरची वाटणारी बोली प्रथमच एवढ्या मानानं कागदावर उतरली. पण ती मोठ्यांच्या कपाटात गेली. मुलांच्या मासिकांच्या पानावर बोली फारशी आली नाही. आलीच तर विनोदी गड्याच्या तोंडी.

त्यामुळे आमच्याकडे लहान मुलाला वाचून दाखवणं म्हणजे भाषांतरच. ‘राजाने प्रधानास पाचारण केले’ हे वाक्य आजीच्या तोंडून ‘राजानं परधानाले बलावलं’ असं बाहेर पडतं. हे चुकीचं आहे, मुलाला ‘शुद्ध’च ऐकवलं पाहिजे, असं मानणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत. एका शिक्षकानं तर लहानपणी मला ‘मले’ म्हटल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं. पण गोष्टीचा उंबरठा मूल आपल्या बोलीतूनच ओलांडतं. चित्र मधे असतं म्हणून ते सोपं जातं. कावळा दोन्ही भाषांत कावळाच.

पण मी आजीच्या बाजूनं पूर्ण मत देणार नाही. छापील शब्दालाही त्याचं मोल आहे. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीतले शब्द मोजले. शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांच्या गप्पांत हजार शब्दांमागे विरळ शब्द निघाले सुमारे १७, आणि मुलांच्या पुस्तकांत सुमारे ३१. मुलांची पुस्तकं! आकडे इंग्रजीचे असले तरी त्यामागचं कारण मराठीलाही लागू पडतं. गप्पांत आपण समोरच्या वस्तूकडे हात करून ‘हे’, ‘ते’ म्हणून भागवतो, छापलेल्या गोष्टीला तशी सोय नसते. गवाक्ष, चवरी, भालदार, पाचारण हे शब्द घरातल्या कुणाच्याही तोंडून लेकराच्या कानी पडणार नाहीत. म्हणून आमच्या घरी शेवटी तडजोड झाली. आधी आजी चित्र सांगणार, मग मी त्याच पानातल्या दोन ओळी जशाच्या तशा वाचणार. तिसऱ्या दिवशी नात स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओरडली, “आजी, मांजरीले पाचारन कर, दूध सांडलं!”

आता साडेतीन वर्षांच्या मुलासाठी मराठीत काहीच नाही, अशी स्थिती राहिलेली नाही. जे. जे.त चित्रकला शिकलेल्या माधुरी पुरंदऱ्यांनी लेखणी आणि कुंचला एकाच हातात धरून ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं केली. त्यांत उपदेश नाही, रोजचं घर आहे. आई, बाबा, आजी, पसारा. बालसाहित्यासाठीचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला. पुण्याहून ‘चिकूपिकू’ हे खास छोट्यांचं मासिक निघतं. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथली चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात, छापता येतात, आणि मुख्य म्हणजे परवानगी न मागता आपल्या भाषेत नवी करता येतात. कुणी वऱ्हाडीत केली तर कायदा आड येत नाही. मोबाइलच्या पडद्यावर ती दाखवावीत का? माझं मत, छापून घ्यावीत. झेरॉक्सच्या दुकानात काळी-पांढरी निघतात, मग रंग लेकरानंच भरावेत. पडद्यावर मूल बोट टेकवतं तेव्हा पान सरकतं, आणि आपल्याला तर बोट टेकलेलं तिथंच राहायला हवं असतं.

तरीही, बोट टेकवून, बोलत, गात चित्र दाखवायची कला आपल्याकडे छापखान्यापेक्षा कितीतरी जुनी. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवर रंगवलेली रामायण-महाभारताची चित्रं एकेक करून समोर धरतात आणि हुडूक-टाळाच्या साथीनं कथा सांगतात. कागदावर मजकूर नसतो, तो सांगणाऱ्याच्या गळ्यात असतो. २०२१ च्या पद्मश्रींच्या यादीत पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांचं नाव होतं आणि त्याच यादीत मरणोत्तर नाव होतं मद्रासच्या शिवशंकरन यांचं, आमच्या वेताळाच्या चित्रकाराचं. वर्तमानपत्रांत दोन्ही नावं आपापल्या राज्याच्या रकान्यात गेली. मी ती यादी नातीला वाचून दाखवली, अर्थात तिला काडीचा रस नव्हता.

तिचं काम वेगळंच चाललं होतं. मधल्या काळात वेताळाचं पान शिवणीतून निम्मं निघालं होतं. तिनंच ओढलं, पण दोष मांजरीवर गेला. मी खळ शिजवली (यावेळी मोरचूद न घालता), पातळ कागदाची पट्टी लावली आणि पान उन्हात वाळवलं. संध्याकाळी बघतो तर ती मावसबहिणीच्या सहा महिन्यांच्या बाळाला समोर निजवून पुस्तक दाखवतेय. विक्रमाचं नाव तिच्या गोष्टीत नाही, वेताळाचं नाही, कोड्याचं तर नाहीच. एक बाबा आहेत, ते लेकराला घेऊन चाललेत, आणि लेकराचं घर झाडावर आहे. बाळानं हात लांब करून पानाचा कोपरा मुठीत धरला. त्याच्या वयाला साजेसं, खांद्यावरचं प्रेत काढून घ्यायला.

नातीनं ती मूठ एकेक बोट करून सोडवली आणि कुजबुजली, “हळू रे. उठीन ना तो.”